धाड, शपथ आणि मधली माणसे

पावसाळा सरला, सातपुड्याच्या उतारावर तूर आणि कापूस माणसाच्या उंचीला आला, की धुळ्याच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. शिरपूर तालुक्यात सांगवी पोलिसांनी गोपनीय माहितीच्या आधारे वनजमिनीवरच्या शेतात धाड टाकली, पिकाच्या आडोशाला लावलेली गांजाची झाडे उपटली, पंचांसमक्ष वजन केले, मुद्देमालाची किंमत अमुक लाख. सोबत फोटो. मागे साहेब आणि शिपाई ओळीने उभे, पुढे हिरवा ढीग. आरोपी म्हणून नाव येते ते शेत कसणाऱ्याचे, आणि तो बहुधा आदिवासी असतो. बियाणे कोणी पुरवले, पैसा कोणाचा, माल कुठल्या शहरात जाणार होता, हे सगळे ‘पुढील तपास सुरू आहे’ या शेवटच्या ओळीत मावते. पुढच्या वर्षी पुन्हा तीच बातमी, शिवार तेवढे वेगळे.

दुसरी बातमी २६ जूनची. त्या दिवशी अमली पदार्थविरोधी दिन. जळगावात शाळांच्या फेऱ्या निघतात, मुले हात पुढे करून शपथ घेतात, चित्रकला स्पर्धेत कवट्या आणि सिगारेटी रंगवल्या जातात. राजर्षी शाहू महाराजांची जयंतीही त्याच दिवशी, आणि आपले राज्य तो सामाजिक न्याय दिन म्हणून पाळते. व्यसनमुक्तीचे काम राज्यात सामाजिक न्याय खात्याकडे आहे, गांजाच्या शेताचे गृहखात्याकडे. नशा करणारा माणूस एका खात्याच्या दप्तरी पीडित, दुसऱ्याच्या दप्तरी आरोपी. कोणत्या टेबलावर तो आधी पोचतो, यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते.

धाड आणि शपथ. नशेबद्दल खानदेशात सार्वजनिक पातळीवर जे काही होते, ते या दोन्हींत आटोपते. धाड माल पकडते. शपथ ज्याला अजून काही झालेले नाही त्या पोराला देतात. पण जो आज पितो आहे, गोळ्या खातो आहे, उद्याही खाणार आहे आणि सोडायचे नाव काढत नाही, त्याचे काय करायचे? हे पुस्तक ज्यांच्याविषयी आहे ती माणसे आपले काम या प्रश्नापासून सुरू करतात. त्यांचे म्हणणे असे, की सोडेल तेव्हा सोडेल. तोवर तो मरता कामा नये, त्याला एचआयव्ही किंवा कावीळ लागता कामा नये, त्याचे घर रस्त्यावर येता कामा नये, आणि नशा करतो एवढ्याच गुन्ह्यासाठी तो तुरुंगात सडता कामा नये. यातला पहिला भाग म्हणजे हार्म रिडक्शन, शेवटचा म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात सुधारणा. कागदावर ही दोन कामे वेगळी दिसतात. पण तुमचा कार्यकर्ता सकाळी ज्याच्या हातात स्वच्छ सिरिंज देतो, त्याच्या खिशातून संध्याकाळी पोलीस तीच सिरिंज पुरावा म्हणून काढणार असतील, तर संस्था चालवणाऱ्याला कायद्याच्या वाटेला जावेच लागते.

हा विषय मुंबई-दिल्लीचा, आपल्याकडे कशाला, असे म्हणणारे भेटतील. त्यांनी रावेरहून बऱ्हाणपूर ओलांडून खांडव्यापर्यंत नजर टाकावी. एकोणिसाव्या शतकात खांडव्याचा गांजा नावाजलेला होता आणि त्याची शेती सरकारी परवान्याने होत असे. गांजाने माणसे वेडी होतात अशी ओरड विलायतेत झाली, पार्लमेंटात प्रश्न आला आणि १८९३ साली मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले गेले. देशभर फिरून या कमिशनने ११९३ साक्षी नोंदवल्या. त्यांत सिव्हिल सर्जन होते, मामलेदार होते, मिशनरी होते आणि स्वतः चिलीम ओढणारेही होते. निष्कर्ष निघाला तो असा, की बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय होत नाही, अति करणाऱ्याला होतो, आणि सरसकट बंदी घालण्यापेक्षा कर व परवाने यांनी आळा घालावा. तीन भारतीय सदस्यांपैकी दोघांनी आपले वेगळे मत जोडले. कमिशनचा हेतू महसूल सांभाळण्याचा होता हे उघड आहे. इंग्रज सरकारला गंजेकऱ्याच्या प्रकृतीचा कळवळा आला होता असे कोणी समजू नये. तरीही नशेचा प्रश्न साक्षीपुराव्याने तपासायचा असतो, ही पद्धत त्या हजारो पानांत आहे. पुढे आपण कायदे केले तेव्हा इतके विचारत बसलो नाही.

दुसरी परंपरा अधिक जवळची आहे. डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. दारूबंदी तेव्हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग होती. दारूच्या दुकानांपुढे निरोधन करून लोक तुरुंगात गेले होते. १९३७ ला काँग्रेसची मंत्रिमंडळे आली, १९३९ ला मुंबईत बंदीचा प्रयोग झाला, १९४९ ला दारूबंदीचा कायदा झाला आणि घटनेच्या ४७ व्या कलमात मादक पेये व द्रव्ये यांच्या बंदीसाठी राज्याने झटावे असे लिहिले गेले. या परंपरेची टिंगल मी करणार नाही. गुत्त्यासमोर ठिय्या देणाऱ्या बायका कुठल्या परिषदेतला सिद्धांत ऐकून आलेल्या नसतात. त्यांच्या घरात चूल पेटलेली नसते. ‘बाटली आडवी’ करणाऱ्या गावाला शहाणपण शिकवण्याआधी त्या गावात एक रात्र काढावी. प्रश्न उरतो तो बाटली आडवी झाल्यानंतरचा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. चाळीसगाव, अमळनेर, दोंडाईचा, कुठल्याही स्टँडबाहेर उभे राहून पुडी मागून पाहावी. बंदीने भाव वाढला, मालाची वाट बदलली, हप्ता सुरू झाला. गाल आणि जबडे तसेच सडत राहिले.

अमली पदार्थांचा आपला मूळ कायदा, ज्याला पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत सगळे एनडीपीएस म्हणतात, १४ नोव्हेंबर १९८५ ला लागू झाला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराची पंचवीस वर्षांची मुदत संपत आली होती, मुंबईत गर्दचा, म्हणजे ब्राउन शुगरचा, पूर आला होता, आणि कायदा घाईने मंजूर झाला. १९८९ मध्ये त्यात फाशी आली. २००१ पर्यंत थोडा माल आणि पोत्यांनी माल यांत शिक्षेच्या दृष्टीने म्हणावा तसा फरकच नव्हता. नंतर कमी प्रमाण आणि व्यापारी प्रमाण अशी विभागणी झाली: गांजाचे कमी प्रमाण एक किलो, व्यापारी वीस किलो; हेरॉइनचे पाच ग्रॅम आणि अडीचशे ग्रॅम. व्यापारी प्रमाण असेल तर कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ अशक्य. शिरपूरच्या डोंगरात वीस किलोची मर्यादा ओलांडायला ओली झाडे किती लागतील याचा हिशेब वाचकाने करावा. वजनात देठ, पाने, माती काय काय धरले, यावरच अनेक खटले वर्षानुवर्षे लढले जातात. धुळ्याचा तुरुंग म्हटला की आपल्याला १९३२ मधली विनोबांची गीता-प्रवचने आणि ती उतरवून घेणारे साने गुरुजी आठवतात. तारखेमागून तारीख मोजत बसलेला एनडीपीएसचा कच्चा कैदी कोणाला आठवत नाही.

कायदा लागू झाल्यावर साडेनऊ महिन्यांनी, २९ ऑगस्ट १९८६ ला, पुण्यात मुक्तांगण सुरू झाले. अनिल अवचट यांनी गर्दच्या आहारी गेलेल्या मुलांवर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पैसा उभा केला, ही हकिकत मराठी वाचकाला पाठ आहे. तिच्यात डॉ. सुनंदा अवचट यांचे नाव दुसऱ्या क्रमांकाने येते, आणि ते मला खटकते. त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि केंद्राची घडण त्यांनी केली. त्यांचा सर्वांत धाडसी निर्णय औषधांबद्दलचा नव्हता. बरे झालेल्या रुग्णांना त्यांनी कर्मचारी केले, समुपदेशक केले. ज्याच्या हाती घरचे लोक पाकीट देत नव्हते, त्याच्या हाती वॉर्ड दिला. आणि बरा झालेला पुन्हा प्यायला, तर ती बेइमानी न मानता आजाराचा भाग मानायचा, हे तिथे नियम म्हणून रुजले. रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट झाला, कारण नशा एकाने केली तरी आजारी घर पडते. १९९७ मध्ये सुनंदाताई कर्करोगाने गेल्या. आज मुक्ता पुणतांबेकर संस्था पाहतात. जळगाव-धुळ्याहून रात्रीच्या गाडीने कोणाला तरी पुण्याला नेणारी कुटुंबे आजही आहेत, आणि त्यांच्या तोंडी पहिले नाव मुक्तांगणचेच असते.

मुक्तांगणचा मार्ग संपूर्ण सोडण्याचा आहे. त्यामुळे हार्म रिडक्शनवरच्या पुस्तकात ते कशाला, असे कोणी कट्टर विचारील. माझे उत्तर असे, की व्यसनी माणूस आधी रुग्ण आहे हे महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाला तिथून पटले. ते पटले नसते तर पुढचे पाऊल टाकायला जमीनच नव्हती. ते पुढचे पाऊल मात्र पुण्यात पडले नाही.

ते पडले मणिपुरात, नाइलाजाने. १९९० च्या सुमाराला तिथे सुईने हेरॉइन घेणाऱ्या तरुणांत एचआयव्ही इतक्या वेगाने पसरला, की काही महिन्यांत तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक बाधित निघाले. कारण साधे होते. म्यानमारच्या सीमेवरून माल स्वस्त येत होता, आणि सिरिंज जवळ सापडली की अटक होत असल्याने कोणी स्वतःची बाळगत नव्हते. एकच सिरिंज दहा हातांतून फिरे. म्हणजे विषाणूला वाट करून दिली ती धाडीच्या भीतीने. चुराचांदपूरमध्ये कार्यकर्त्यांनी सुया-सिरिंज वाटायला सुरुवात केली तेव्हा चर्चपासून भूमिगत संघटनांपर्यंत सर्वांशी बोलणी करावी लागली. दिल्लीत ‘शरण’ या संस्थेने १९९३ पासून जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या द्यायला घेतल्या. ही गोळी रोज केंद्रात कर्मचाऱ्यांसमोर घ्यायची. तिने तलफ भागते, अंग मोडून येत नाही, ज्याला मुंबईचे गर्दुल्ले ‘टर्की’ म्हणतात ती लागत नाही, आणि माणूस त्या दिवशी हमाली करू शकतो, चोरी न करता घरी जाऊ शकतो. नशेच्या जागी नशाच दिली, हा आक्षेप तेव्हापासून आहे. मधुमेहाच्या रोग्याला इन्शुलिनच्या जागी निर्धार कोणी सुचवत नाही, एवढेच त्यावर म्हणता येईल.

मुंबईत हे काम एल्ड्रेड टेलिस आणि त्यांच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने १९९५ पासून चालवले. संकल्पचा माणूस घर-नोकरी असलेला मुक्तांगणचा रुग्ण नव्हता. तो फूटपाथवरचा, पुलाखालचा, पन्नीवर गर्द ओढणारा किंवा शिरेत घेणारा होता. अशा माणसाला पाच आठवडे वॉर्डात ठेवून नंतर पुन्हा त्याच पुलाखाली सोडायचे, याला अर्थ नाही. म्हणून त्याला आंघोळ करता येईल, जखम धुता येईल, दोन तास झोपता येईल अशी जागा, म्हणजे ड्रॉप-इन सेंटर. सुई बदलून मिळेल, क्षयाची औषधे चुकणार नाहीत, आणि पोलिसांनी उचलले तर कोणी ठाण्यात विचारायला येईल. २००७ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा तिसरा टप्पा सुरू झाला, त्यात सुई-सिरिंज आणि ब्युप्रेनॉर्फिन ही अधिकृत सरकारी पद्धत झाली. ज्या गोष्टीसाठी कार्यकर्त्यांना ठाण्यात बसवले जात होते, तिच्यासाठी सरकार अनुदान देऊ लागले. कायदा मात्र तोच राहिला.

इथे आपल्या महामार्गाची आठवण होते. मुंबई-आग्रा रस्त्यावर ढाब्यांपाशी ट्रकचालकांना निरोध वाटणारी माणसे धुळेकरांनी पाहिली आहेत. सुरुवातीला त्यांनाही लोकांनी हेच ऐकवले, की तुम्ही अनीतीला उत्तेजन देता. पुढे कोणी बोलेनासे झाले, कारण रोग ओसरला. सुईचे तर्कशास्त्र याहून वेगळे नाही.

या पुस्तकातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग कायद्याच्या लढाईचा आहे, आणि ती लढाई आपल्याच उच्च न्यायालयात झाली. एनडीपीएसच्या कलम ३१-अ प्रमाणे ठरावीक प्रमाणाहून अधिक मालाच्या दुसऱ्या गुन्ह्याला फाशीच द्यायची होती; न्यायाधीशाला दुसरा पर्यायच ठेवलेला नव्हता. २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने चरसच्या एका खटल्यात तशी शिक्षा दिली. इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्क या संस्थांच्या जाळ्याने कलमालाच आव्हान दिले. लॉयर्स कलेक्टिव्ह या वकिलांच्या संस्थेचे आनंद ग्रोव्हर बाजू मांडत होते. १६ जून २०११ ला न्या. अजय खानविलकर आणि न्या. ए. पी. भंगाळे यांच्या खंडपीठाने सक्तीची फाशी घटनेच्या २१ व्या कलमात बसत नाही असा निर्णय दिला. फाशीची तरतूद रद्द झाली नाही, पण ‘दिलीच पाहिजे’च्या जागी ‘देता येईल’ आले. अमली पदार्थांसाठीची सक्तीची फाशी न्यायालयाने नाकारल्याची जगातली ही पहिलीच वेळ मानली जाते. २०१४ च्या दुरुस्तीत संसदेने ते मान्य केले.

सुया वाटणाऱ्या संस्थांनी तस्करीच्या खटल्यात का पडावे? मलाही हा प्रश्न पडला होता. त्याचे उत्तर ग्रोव्हर यांच्या दुसऱ्या कामात सापडते. संयुक्त राष्ट्रांचे आरोग्य-हक्कविषयक विशेष प्रतिवेदक असताना त्यांनी २०१० मध्ये आमसभेपुढे अहवाल ठेवला, की अमली पदार्थ नियंत्रणाचे कायदे जितके क्रूर, तितके रुग्ण दवाखान्यापासून दूर पळतात. वरच्या टोकाला फाशी असलेला कायदा खालच्या टोकाला, पुड्या ओढणाऱ्यापाशी, मवाळ राहत नाही. शिपायाच्या मनात तो एकच कायदा असतो. याच कायद्यात कलम ६४-अ आहे, उपचाराला तयार असलेल्या व्यसनीला खटल्यातून सूट देणारे. कलम ३९ आहे, शिक्षेऐवजी उपचाराला पाठवण्याची मुभा देणारे. ती कलमे किती वेळा वापरली जातात हे आपापल्या तालुक्याच्या कोर्टात वकिलांना विचारून पाहावे.

२०१४ ची दुरुस्ती आणखी एका माणसाशिवाय झाली नसती. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांची पॅलियम इंडिया. त्यांचा नशेशी संबंध नाही. ते कर्करोगाच्या अखेरच्या दिवसांतल्या वेदनांवर काम करतात. एनडीपीएसच्या धाकाने दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले होते, कारण एका औषधासाठी चार-पाच परवाने, आणि कागदात चूक झाली तर दहा वर्षे कैद. अफू पिकवणाऱ्या देशात कर्करोगाचे रुग्ण ओरडत मरत होते. वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यानंतर मॉर्फिनसह सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली आणि एकच परवाना पुरेसा झाला. गुटख्याने जबडा गेलेला आपल्याकडचा रुग्ण शेवटी याच औषधाची वाट पाहतो. कायदासुधारणा म्हणजे गर्दुल्ल्यांचे लाड, असे ज्यांना वाटते त्यांनी हे प्रकरण टाळू नये.

आता या माणसांच्या नेतृत्वाबद्दल. अनाथाश्रम चालवणाऱ्याला गाव हार घालते. सुया वाटणाऱ्याला शेजारी जागा खाली करायला सांगतात. देणगीची पावती फाडताना कशासाठी, हे मोकळेपणी सांगता येत नाही. सरकारी अनुदान महिनोन्‌महिने अडकते, आणि तोवर गोळीसाठी रोज येणाऱ्याला ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणता येत नाही, कारण तो त्याच संध्याकाळी अड्ड्यावर जातो. परदेशी पैसा घ्यावा तर त्याचाही भरवसा नाही; लॉयर्स कलेक्टिव्हची परकीय निधीची परवानगी केंद्राने २०१६ मध्ये रद्द केली आणि संस्थेला स्वतःसाठीच कोर्टाची पायरी चढावी लागली. यशाचा पुरावा दाखवणे तर आणखी अवघड. सोडलेल्या माणसाचा सत्कार करता येतो, न मेलेल्या माणसाचा कसा करणार?

याहून कठीण गोष्ट सत्तेची आहे. १९८४ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये सुया बदलून देण्याचा जगातला पहिला कार्यक्रम सुरू झाला तो डॉक्टरांनी नव्हे, नशा करणाऱ्यांच्या संघटनेने, काविळीची साथ पाहून. तेव्हापासून या क्षेत्रात एक अपेक्षा आहे, की निर्णयाच्या टेबलावर वापरणारेही बसले पाहिजेत. आपल्याकडे ‘पीअर’ म्हणून त्यांना अल्प मानधनावर गल्लोगल्ली फिरवतात. विश्वस्त मंडळावर किती असतात ते संस्थांनी स्वतःला विचारावे. सुनंदाताईंनी वॉर्डाच्या किल्ल्या रुग्णाच्या हाती दिल्या, ती हिंमत सगळ्यांना झालेली नाही. पुस्तक याविषयी जरा हात राखून बोलते, असे माझे मत आहे.

आणि आता खानदेश. मुंबईचा नमुना उचलून इथे आणला तर फसेल, कारण आपले विष वेगळे आहे. सुईने घेणारे इथे थोडे. इथे आहे ती देशी, हातभट्टी, मोहाची. मालेगाव-धुळे पट्ट्यात ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकली जाणारी अल्प्राझोलम. कोडीनची खोकल्याची औषधे. आणि घरोघरी गुटखा. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी आढळले, आणि दारूचे अवलंबित्व असलेल्या अडतीस जणांत एकालाच कसलातरी उपचार मिळालेला होता. उरलेल्या सदतिसांपैकी कितीतरी शपथेवर विसंबतात. बायको देवीपुढे हात ठेवायला लावते, कोणी माळ घालतो, कोणी बाबाची पुडी आणतो. दारू त्या दिवशी एकदम बंद.

यातला धोका गावात कोणी सांगत नाही. वर्षानुवर्षे रोज सकाळपासून पिणाऱ्याने अचानक थांबवली, तर काही तासांत हात थरथरतात, एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भिंतीवर साप-किडे दिसू लागतात, ताप चढतो, आणि उपचार झाला नाही तर माणूस दगावतो. बाहेरचे काही लागले म्हणून घरचे त्याला भगताकडे नेतात. डॉक्टरकडे नेले तर ग्लुकोजची सलाईन लागते. बी-वन हे जीवनसत्त्व आधी न देता नुसते ग्लुकोज चढवले तर अशा रुग्णाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे प्रत्येक सलाईन लावणाऱ्याला माहीत असेलच असे नाही. अल्प्राझोलमचेही तसेच: महिनोन्‌महिने खाल्लेली गोळी एका रात्रीत तोडली तर झटके येतात, दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो. म्हणजे आमच्याकडे हार्म रिडक्शनची सुरुवात सुईने नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात बी-वनचे इंजेक्शन आणि झटके टाळणाऱ्या औषधाचा उतरता डोस मिळण्याने होईल. ‘मन्हा आंडोर जगाले पाहिजे’ म्हणणाऱ्या मायला त्या रात्री एवढेच हवे असते.

मुंबईच्या मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे गेली. ती मिथेनॉलने गेली. हातभट्टीवरच्या चर्चेत हा शब्द आपल्याकडे क्वचित उच्चारला जातो. व्यसनाचे परिणाम म्हणून वर्तमानपत्रे अग्रलेख लिहून मोकळी होतात.

पुस्तक वाचून कोणी उत्साहाने सगळे कायदे मोडीत काढा म्हणेल, तर त्याला अमेरिकेतल्या ओरेगन राज्याकडे पाहायला सांगावे. तिथे २०२० मध्ये मतदारांनी स्वतःपुरता माल बाळगणे गुन्ह्यातून वगळले. उपचाराची व्यवस्था वेळेत उभी राहिली नाही, रस्त्यांवर उघड नशा वाढली अशी लोकांची तक्रार झाली, आणि २०२४ मध्ये विधिमंडळाने पुन्हा गुन्हा केला. पोर्तुगालने २००१ मध्ये असेच केले आणि ते टिकले, कारण पोलीस ज्याला पकडतील त्याला पाठवायला समित्या आणि दवाखाने आधी तयार होते. कलम काढणे एका दिवसाचे काम. दवाखाना उभारणे वर्षांचे. शिरपूरच्या वनपट्ट्यावर तर तिसरीच गोष्ट लागेल. गांजाच्या जागी काय पिकवायचे, ते कोण विकत घेणार, पट्टा नावावर आहे का, हे प्रश्न गृहखात्याचे नाहीत आणि सामाजिक न्याय खात्याचेही नाहीत, म्हणून कोणाचेच नाहीत. या पुस्तकात शेतकऱ्यावर प्रकरण नाही. ही उणीव मी लेखकमंडळींना सांगितली आहे. पुढच्या आवृत्तीत ती भरून निघावी.

वाचनाच्या क्रमाबद्दल एक सूचना. वकील आणि पोलीस अधिकाऱ्यांनी २०११ च्या निकालाच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, बाकीचे त्यांना मग अधिक पटेल. शिक्षकांनी मुक्तांगणपासून. ज्यांच्या घरात सध्या कोणी रोज पीत आहे, त्यांनी पुस्तक नंतर वाचले तरी चालेल. आज त्याला शपथ घालू नये, दारू एकदम तोडायला लावू नये, आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात बाह्यरुग्ण तपासणी कोणत्या वारी असते ते आधी विचारून यावे.